दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ का आलं?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात हे आलं. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. कारण साधं आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आपण तीन आधी बोलतो, साठ नंतर. लिहिताना मात्र ६ आधी. म्हणून पोरं ६३ चे ३६ करतात. कन्नड, तेलुगूत दशक आधीच येतो. आणि जुने शब्द काढले नव्हते हो, दोन्ही दिले होते! या बदलावरून झालेल्या गदारोळात ही गोष्ट मागे पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या लेकाकडून घरी दोन्ही म्हणून घ्या. वर्गात हे काम गटप्रमुख मुलांकडे द्यावं: एकाने ‘साठ तीन’ म्हणायचं, बाकीच्यांनी दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या मांडायच्या. चुकलं तर शेजारचाच पटकन सांगतो.