म्युनिकचं म्युझियम एका दिवसात होईल का?

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा नातू तिकडे जाणार आहोत. तिथलं विज्ञान-तंत्रज्ञानाचं डॉइचेस म्युझियम फार मोठं आहे असं ऐकलं. मला गुडघ्यांचा त्रास आहे, पत्नीला यंत्रांची मुळीच आवड नाही. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर नातवाने बघितलंय. मग तिथे वेगळं काय? एक दिवस पुरेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळं बघायचं म्हणाल तर नाही पुरणार, आणि तसा हट्टही धरू नका. इमारतीचं नूतनीकरण चालू आहे. २०२२ मध्ये अर्धा भाग खुला झाला, उरलेला २०२८ मध्ये उघडायचा आहे. पण हा अर्धा भागच सुमारे वीस हजार चौरस मीटरचा आहे! एकोणीस दालनांतली चार निवडा, बाकीच्यांना खुशाल टांग मारा. तंत्रनिकेतनात मुलांना सहलीला नेताना मी हेच करायचे.

वरळीशी नातं म्हणाल तर लांबचं का होईना, आहे. ऑस्कर फॉन मिलर या वीज अभियंत्याने १९०३ मध्ये हे म्युझियम स्थापन केलं. लोकांनी दांडा फिरवावा, बटण दाबावं, यंत्र चालताना बघावं, हा त्याचा आग्रह. ते बघून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय भारावले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात बिर्ला म्युझियम उभं राहिलं. वरळीचं केंद्र त्याच परंपरेतलं, १९८५ चं. फरक असा, की वरळीत मुख्यतः प्रयोग आहेत. म्युनिकला प्रयोग आहेतच, शिवाय अस्सल वस्तू आहेत.

म्हणून पहिल्यांदा विमानांच्या दालनात जा. तिथे ओटो लिलिएंथालचं ग्लायडर आहे. विलो झाडाच्या काड्या, वर सुती कापड, इंजिन नाही. हा माणूस १८९१ पासून टेकड्यांवरून उड्या घेत होता आणि १८९६ मध्ये असंच पडून गेला. त्याच दालनात राइट बंधूंचं १९०९ चं विमान आहे. नातवाला दोन्हींचे पंख नीट बघायला लावा, कुठला भाग कशाने वळतो ते त्यालाच शोधू द्या. यात तासभर गेला तरी घाई करू नका.

व्ही-२ रॉकेटही आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शहरांवर डागलेलं. मुलांना ते फार आवडतं, पण नुसतं ‘बघ केवढं मोठं’ म्हणून पुढे जाऊ नका. ते छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलं. त्याच्या माऱ्यात मेले त्यांच्यापेक्षा जास्त लोक ते बनवताना मेले. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं सांगता येतं, आणि सांगावं.

वहिनींसाठी वाद्यांचं दालन सुचवते. जुने पियानो, ऑर्गन बघताना यंत्रांची आवड नसली तरी चालतं. शेती आणि अन्नाचं दालनही त्यांना आवडेल, माझी खात्री आहे. आरोग्याच्या दालनात साडेतीन लाख पट मोठी केलेली मानवी पेशी आहे, तिच्या आत शिरता येतं. तिथे तिघांनीही जा.

आता गुडघे. सकाळी नऊला उघडतं, तेव्हाच आत शिरा, दुपारनंतर पाय बोलायला लागतात. जुनी माहितीपुस्तकं इझारटोर स्टेशनला उतरायला सांगतात, पण आता प्रवेश कॉर्नेलियस पुलाकडून आहे. यू-बानने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, फ्राउनहोफरश्ट्रासे स्टेशनला उतरलात तर कमी चालावं लागेल. प्रात्यक्षिकांच्या वेळा आत गेल्यावर आधी विचारून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

नातू गाड्यांचा वेडा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कार्ल बेन्झची १८८६ ची पहिली मोटारगाडी या इमारतीत नाही. ती टेरेझिएनहोएवर याच म्युझियमच्या वाहतूक विभागात आहे. ते दुसऱ्या दिवशी करा, आणि तिथे गेल्यावर वहिनींना तुमच्या मुलाबरोबर बाजारात सोडा.