उंच विंडशील्ड मागवण्याआधी वारा नेमका कुठून लागतो ते बघा

तुम्ही लिहिलंय की मोटरसायकल हिमालयन, उंची 5 फूट 10 इंच, पणजी ते काणकोण नेहमीच्या फेऱ्या. 80 च्या पुढे हेल्मेट थडथडतं, कानात सतत घोंगावतं, झुआरी पुलावर तर गाडीच हलते. म्हणून आताच्या शील्डपेक्षा 6 इंच उंच शील्ड घ्यायची आहे, कोणती घेऊ? अगदी हेच दुखणं मी काढलंय आणि त्यावर नको तेवढे पैसे घालवलेत, म्हणून लांबलचक लिहितोय. मी मेकॅनिक नाही आणि माझी गाडीही वेगळी आहे, त्यामुळे मापं आपापल्या गाडीवर ताडून घ्या.

तुम्ही तीन वेगळी दुखणी एकाच पिशवीत भरलीत. घोंगावणं हे बऱ्याच अंशी हेल्मेटचं असतं. हनुवटीखालून, मानेच्या फटीतून वारा आत शिरतो. थडथड ही शील्डच्या वरच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांची. आणि पुलावर गाडी हलते तो आडवा वारा, त्याचा शील्डच्या उंचीशी संबंध तुम्हाला वाटतो त्याच्या उलटा आहे. आगशीहून कुठ्ठाळीकडे जाताना पावसाळी वारा उजवीकडून, समुद्राकडून येतो. परत येताना तो डावीकडून लागायला हवा. धक्क्याची बाजू बदलत असेल तर तो आडवा वारा. त्यावर उंच शील्ड लावणं म्हणजे होडीला मोठं शीड लावणं. त्यातही शील्ड फ्रेमवर न बसता हँडलवर क्लॅम्पने बसणारी असेल तर वारा थेट स्टिअरिंगच ढकलतो. पुलावर वेग कमी करा, हँडल सैल हाताने धरा. शील्डचा विषय तिथे संपला.

उरली थडथड. शील्डच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि वरच्या कडेवरून सुटलेली हवा त्या पोकळीत गोल गोल फिरत कोसळते. ते भोवरे छातीवर पडले तर विशेष कळत नाही, हेल्मेटवर पडले की डोकं हलतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट. म्हणून शहरात काही जाणवत नाही आणि वेर्ण्याच्या पठारावर डोळ्यांसमोरचा रस्ता थरथरायला लागतो. आता गोम अशी की तुमच्या उंचीला बुटकी शील्ड भोवरे छातीवर टाकते, खूप उंच शील्ड डोक्यावरून नेते आणि मधली बरोबर हेल्मेटवर आणून सोडते. 6 इंच वाढवून तुम्ही नेमके त्या मधल्या जागी पोचलात तर आजच्यापेक्षा वाईट होईल. उंच म्हणजे शांत, हे समीकरण दुकानदाराच्या सोयीचं आहे.

तेव्हा आधी फुकटची तपासणी. सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर, वारा पडलेला असताना, 70 वर फूटरेस्टवर जरासे उठा, चारेक बोटं पुरेत. डोकं शांत झालं तर वर स्वच्छ हवा आहे आणि भोवरे सध्या तुमच्या चेहऱ्यावर आहेत. मग तितकंच खाली वाका. तिथे शांत वाटलं तरच शील्ड वाढवून उपयोग. दुसऱ्या दिवशी शील्ड पूर्ण काढून तोच रस्ता. छातीवर रेटा येईल, आवाजही असेल, पण डोकं स्थिर राहिलं तर दोषी शील्डच. तिसऱ्यांदा मानेभोवती पंचा किंवा बफ घट्ट गुंडाळून बघा. घोंगावणं निम्मं झालं तर पैसे हेल्मेटच्या हनुवटीच्या पडद्यावर घाला.

वाढवायचीच ठरली तर आधी नमुना करा. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे सनपॅक शीटचे तुकडे पडलेले असतात, तीच पोकळ रेघांची प्लास्टिक शीट. रेघा उभ्या ठेवून कापा, जुन्या शील्डवर बाहेरून टेकवा, कडेने कापडी टेप आणि दोन झिप-टाय. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून कुठे अडत नाही ना ते बघा. 60 च्या वर जाऊ नका, ती फाटते. प्रत्येक फेरीनंतर कटरने वरून 2 सेंटिमीटर उतरवायचे. दोन-तीन कापांतच कुठे शांत वाटतं ते कळतं. नाही कळलं तर शील्ड विकत घेऊनही कळणार नाही.

उंचीची वरची मर्यादा मात्र पावसाने ठरवलेली आहे. शील्डला वायपर नसतो. जूनमध्ये करमल घाटात रात्री समोरून बसचा लाइट आला की ओल्या, चरे पडलेल्या प्लास्टिकमधून फक्त पांढरा गोळा दिसतो. त्यामुळे शील्डमधून नाही, शील्डवरून बघायचं. नेहमीसारखं बसून सरळ पाहिल्यावर वरच्या कडेच्या लगेच पलीकडे 10 ते 15 मीटरवरचा रस्ता दिसला पाहिजे, म्हणजे कड साधारण नाकाच्या पातळीला. याहून उंच शील्ड गोव्यात घेऊ नका, हे माझं ठाम मत, मग कोणी काहीही म्हणो.

पुष्कळदा उंची न वाढवताही भागतं. शील्ड आणि तिच्या माउंटच्या मध्ये 10 मिलिमीटरचे नायलॉन स्पेसर, म्हणजे बोल्टावर चढवायच्या छोट्या नळ्या, घाला. खालच्या फटीतून हवा आत शिरते, मागची पोकळी भरते आणि भोवरे मंदावतात. फक्त वरच्या बोल्टांना घातले तर शील्ड उभी होते आणि हवा वर फेकते, फक्त खालच्यांना घातले तर ती मागे कलते आणि हवेचा झोत खाली येतो. 10 चा स्पेसर म्हणजे बोल्टही 10 ने लांब. 5 मिलिमीटरच्या बोल्टाचे निदान 5 मिलिमीटर तरी आटे नटात शिरले पाहिजेत.

आता बसवण्याबद्दल. जुनी काढा, नवी लावा, ते तुम्हाला येतं. मला सगळ्यात महाग पडला तो एक थेंब. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात ते निळं थ्रेडलॉकर. धातूला उत्तम, प्लास्टिकला विष. शील्ड अ‍ॅक्रिलिकची असो की पॉलिकार्बोनेटची, वाकवून घडवलेली आणि बोल्टने आवळलेली असल्यामुळे भोकांभोवती तिच्यात ताण साठलेला असतो. थ्रेडलॉकर आट्यांवरून ओघळून भोकाच्या कडेला लागतं आणि त्या ताणावर काम सुरू करतं. त्या क्षणी काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, भोकापासून केसासारख्या रेषा निघतात. सरळ बघून त्या दिसत नाहीत. अंधारात टॉर्च तिरपी धरा, मग चमकतात. पुढे एखाद्या खड्ड्यात त्यातलीच एक रेष कडेपर्यंत धावते. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: जास्त आवळलं, वॉरंटी नाही. तडे बरोबर भोकापाशीच असल्यामुळे त्याचा मुद्दा खोडताही येत नाही.

हीच गत पेट्रोलची. आपल्याकडे गॅरेजात सगळं पेट्रोलच्या फडक्याने पुसतात, शील्डसुद्धा. गाडी देतानाच सांगा, की हिला हात लावायचा नाही. अमोनियावाला काचेचा क्लीनर, थिनर, गंज सोडवणारा स्प्रे, सगळं लांब ठेवा. मेलेले किडे घासू नका. ओलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवा, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड.

मग बोल्ट ढिले होऊ नयेत कसे? बऱ्याच गाड्यांत रबरी नट असतो, आत पितळेची आटेवाली नळी. बोल्ट आवळला की रबर फुगून धरून ठेवतं, वेगळं काही लावावं लागत नाही. बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला. चारही बोल्ट आधी नुसते पकडवा, मग तिरप्या क्रमाने आवळा. स्क्रू-ड्रायव्हर मुठीत नाही, दोन बोटांत धरायचा. वॉशर फिरायचा थांबला की थांबा. 100 किलोमीटरनंतर एकदा हात लावून बघा. धातूच्या ब्रॅकेटला थ्रेडलॉकर लावायचंच असेल तर ब्रॅकेट आधी जोडा, रात्रभर वाळू द्या, शील्ड दुसऱ्या दिवशी.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतात आणि पितळेच्या नळीत अडकतात. मग बोल्ट फिरवला की आख्खा नट फिरतो. अशा वेळी रबराच्या कॉलरखाली बारीक स्क्रू-ड्रायव्हर सरकवून बाहेरच्या बाजूला ओढ द्या आणि तसंच फिरवा, बहुधा सुटतो. नवे 316 स्टेनलेस स्टीलचे घ्या, आट्यांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं. नायलॉनचे बोल्टही मिळतात. गाडी पडली तर आधी तेच तुटतात आणि शील्ड वाचते.

भोक पाडावं लागलं तर बोल्टापेक्षा दीड मिलिमीटर मोठं पाडा. 400 मिलिमीटर रुंद अ‍ॅक्रिलिक 35 अंशांच्या फरकाने साधारण एक मिलिमीटर वाढतं. घट्ट भोकात ती वाढ जायची कुठे? खाली लाकूड, वर मास्किंग टेप, ड्रिल सावकाश.

विम्याचंही सांगून ठेवतो. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) तीन फेऱ्या मारायला लावून शेवटी जे सांगितलं ते असं: आपण हिला काच म्हणतो, पॉलिसीच्या हिशोबात ती प्लास्टिक. खऱ्या काचेवर घसारा शून्य, प्लास्टिकवर 50 टक्के. शिवाय बाहेरून घेतलेली शील्ड पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवलेली नव्हती, मग ते 50 टक्केही विसरा. हे पहिल्याच फेरीत टेबलापलीकडून सांगता आलं असतं. झीरो डेप (घसारा न कापणारं विमा कवच) असलं तरी नोंद करून घ्या, आणि पावतीवर मॉडेल लिहून घ्या.

इतकं करूनही कान दुखले तर फोमचे इअरप्लग वापरा. बोटांत बारीक लाटायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचे. हॉर्न ऐकू येतो, वाऱ्याची घरघर जाते.

मागे कोणी बसत असेल तर सनपॅकची एक फेरी त्यांना घेऊनच करा. तुमच्या डोक्यावरून गेलेला वारा बऱ्याचदा त्यांच्या तोंडावर पडतो. कोणत्या उंचीला थडथड थांबली ते सेंटिमीटरमध्ये मोजून इथे कळवा, मग कोणती शील्ड ते बोलू.