सातचा भोंगा आपल्या घरात

प्रश्न : घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि १४ व ९ वर्षांची मुलं. संध्याकाळी सगळे एकाच खोलीत, पण प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. ‘सातनंतर मोबाईल बंद’ असं ठरवलं, ते चार दिवस टिकलं. मोठा म्हणतो, क्लासचा अभ्यास ग्रुपवर येतो. ह्यांना मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा फोन येतो. काय करावं?
– एक वाचक, विटा

उत्तर : तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावनं १५ ऑगस्ट २०२२ पासून हे गावभर सुरू केलं. सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. यातली खरी गोम अशी की ‘ठेव तो मोबाईल’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, भोंगाच सांगतो. आणि थोरांनाही सूट नाही. घरात आई ओरडते, बाबा कोपऱ्यात रील बघत बसतात आणि नियम तिथंच मोडतो. म्हणून साधं गजराचं घड्याळ आणा. गजर मोबाईलवर लावला तर तो बंद करायला हातात घेतलेला फोन हातातच राहतो.

पहिले पंधरा दिवस फक्त ४५ मिनिटं. फोन टेबलावर उलटे ठेवू नका, नजर तिकडंच जाते. आतल्या खोलीत चार्जिंगला लावा. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमधल्या (मोटारीची खबर फोनवर देणाऱ्या यंत्रातल्या) सिमचा नंबर ‘फेव्हरिट’मध्ये टाका आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये फक्त फेव्हरिटचे कॉल चालू ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजू द्यायचीही सोय असते, त्यामुळं अडीनडीला कुणी अडत नाही. मुलानं पावणेसातला ग्रुप बघून अभ्यास वहीत उतरवून घ्यायचा.

सासूबाईंची मालिका नेमकी याच वेळेत असणार. त्यांच्याशी आधी बोला, दुपारचं पुनःप्रक्षेपण शोधून द्या. त्यांना न विचारता टीव्ही बंद केलात तर रुसवा होईल आणि नातवंडं आजीच्या बाजूनं उभी राहतील.

आणि एक कळकळीनं सांगावंसं वाटतं : या वेळात पाढे, मार्क, उलटतपासणी नको. ‘शाळेत काय झालं?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. मधे सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवा, सगळ्यांनी फोडायला बसा. हात गुंतले आणि नजरेला नजर नसली की चौदा वर्षांचं पोर आपणहून बोलतं. दोन-तीन दिवस नुसता टरफलांचा आवाज येईल. येऊ द्या.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. रविवारी सकाळी ८ ला व्हिडिओ कॉल करतो, पण ‘जेवलात का, बरे आहात का’ यातच संपतो. ह्यांना नीट ऐकूही येत नाही.
– एक वाचक, वाई

उत्तर : ऐकू कमी येणारा माणूस ओठ बघून बरंच समजून घेतो. मुलाला सांगा, पाठीमागं खिडकी नको, उजेड तोंडावर हवा, आणि एक वाक्य संपवून क्षणभर थांबायचं. आवाज उशिरा पोचतो म्हणून बोलणं एकमेकांवर आदळतं. तुमचा फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तुमचे ८ म्हणजे त्याच्याकडं हिवाळ्यात शनिवारी रात्रीचे साडेनऊ, पण मार्च ते नोव्हेंबर साडेदहा, म्हणजे पेंगायची वेळ. त्या महिन्यांत कॉल ७ ला घ्या. मेथी निवडत बसा, त्याला त्याचं काम करू दे. अर्धा तास असाच चालू ठेवा, मधे गप्प राहिलात तरी कॉल बंद करू नका.