वाचकांचे प्रश्न : मोठ्या मोटरहोमचे टायर बदलताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही मागे डिझेल इंजिन असलेले ३८ फुटी मोटरहोम (चाकांवरचे फिरते घर) दुसऱ्या मालकाकडून घेतले. त्याला २७५/८०आर२२.५ मापाचे, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ‘जी’चे सहा टायर आहेत. आधीच्या मालकाने गाडी फारशी चालवली नसल्यामुळे टायरची नक्षी जवळजवळ नवी दिसते. मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाच्या शेवटी ३६१५ हे आकडे आहेत. एक दुकानदार सहाही टायर बदला म्हणतो, दुसऱ्याच्या मते पुढचे दोन बदलले की पुरे, आणि तिसऱ्याने शहरात माल पोहोचवणाऱ्या ट्रकांचे टायर बऱ्याच कमी किमतीत देऊ केले आहेत. ट्रक स्टॉपच्या काट्यावर पुढच्या एक्सलवर ११,९०० आणि मागच्या एक्सलवर १८,६०० पाउंड वजन भरले. कोणाचे ऐकावे?

उत्तर : पहिल्या दुकानदाराचे ऐकावे, आणि त्याचे कारण आपण स्वतःच लिहिलेल्या चार आकड्यांत आहे. डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर कारखान्यातून बाहेर पडल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३६१५ म्हणजे २०१५ सालचा छत्तिसावा आठवडा, अर्थात सप्टेंबरची सुरुवात. मिशेलिनची शिफारस अशी आहे की पाच वर्षे वापरल्यानंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते काढून टाकावेत. मालवाहू ट्रकचा टायर झिजून संपतो. मोटरहोमचा टायर बहुधा झिजण्याआधीच म्हातारा होतो. रबरात ओझोन आणि ऑक्सिजनपासून रक्षण करणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना सतत दबतो आणि उलगडतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत हे घडत नाही. वरून फिनिक्सचे ऊन आणि खालून तापलेले डांबर यांमुळे रबर कडक होत जाते. बाजूवर दिसणाऱ्या बारीक भेगा हा त्याचा बाहेरचा भाग झाला. आत पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणाऱ्या रबराचे काय झाले आहे, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून नवी दिसणारी नक्षी हा या बाबतीत पुरावा धरू नये.

पुढचे दोनच बदलण्याचा सल्ला अगदीच निराधार नाही, कारण पुढचा टायर फुटला तर गाडी हातातून जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. पण मागच्या जुळ्या टायरांपैकी एक गेला की त्याचा भार क्षणात शेजारच्यावर पडतो आणि तोही बहुधा फार काळ टिकत नाही. सुटलेली रबराची पट्टी चाकाभोवती फटकारे मारत फिरते, तेव्हा चाकावरचे आच्छादन, नळ आणि वायरिंग फाडून टाकते. हा दुरुस्तीचा खर्च अनेकदा चार टायरांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. पैशांची खरोखरच ओढाताण असेल, तर आज पुढचे दोन आणि पुढल्या लांबच्या प्रवासाआधी मागचे चार, एवढीच सवलत मी मान्य करीन. मधल्या काळात गाडी घराजवळच राहावी.

आता तिसऱ्या दुकानदाराविषयी. साडेबावीस इंची रिमचे सगळे टायर ट्रकचेच असतात, मग शहरातले कोणते आणि महामार्गावरचे कोणते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गुडइयरच्या जी१५९ या टायरची हकीकत मोटरहोम बाळगणाऱ्या प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावी. शहरातील मालवाहतुकीसाठी तयार झालेला हा टायर २७५/७०आर२२.५ या मापात मोटरहोमवर बसवला गेला, आणि महामार्गाच्या वेगात निर्माण होणारी उष्णता तो सोसू शकत नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे न्यायालयांत चालल्या. त्यांपैकी एका खटल्यात कंपनीने चाचण्यांची माहिती दडवल्याबद्दल झालेल्या दंडाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये त्याचा निकाल लागला; तो निकाल मात्र दंडाची रक्कम कशी ठरवावी एवढ्यापुरताच होता. अखेर २०२२ मध्ये, १९९६ ते २००३ या काळात बनलेले सुमारे १,७३,००० टायर परत बोलावण्यात आले. टायरमध्ये दोष असल्याचे कंपनीने मान्य केले नाही; कमी हवा किंवा जादा भार असताना मोटरहोमवर उद्भवणारा धोका टाळण्यासाठी हे पाऊल उचलल्याचे तिने सांगितले. दोष कोणाचा हे क्षणभर बाजूला ठेवले, तरी ज्या कामासाठी टायर बनला नाही त्या कामाला तो लावू नये, एवढे यातून घेता येते. म्हणून स्वस्त टायर पाहताना त्याच्यावरचे वेगाचे अक्षर पाहावे. ‘जे’ म्हणजे ताशी ६२ मैल, ‘के’ म्हणजे ६८ आणि ‘एल’ म्हणजे ७५ मैल. ॲरिझोनातील आंतरराज्यीय महामार्गांवर ७५ मैलांची वेगमर्यादा असताना ‘एल’पेक्षा खालचा टायर घेण्यात अर्थ नाही, आणि ‘एल’ असला तरी मोटरहोम ६५ मैलांच्या आतच चालवावे.

स्वस्त टायर सरसकट वाईट, असे मात्र माझे म्हणणे नाही. महागड्या टायरच्या किमतीत लाखो मैल टिकणाऱ्या नक्षीचे पैसे असतात, आणि वर्षाला चार-पाच हजार मैल फिरणाऱ्या माणसाला त्या नक्षीचा उपयोग होण्याआधीच टायरचे वय संपते. मिशेलिन एक्सआरव्ही किंवा गुडइयर जी६७० आरव्ही हे टायर मोटरहोम डोळ्यांसमोर ठेवून बनवले गेले, ही त्यांची जमेची बाजू; पण टोयो, हॅन्कूक, सुमितोमो यांचे सर्व चाकांवर चालणारे, सरळ धारांची नक्षी असलेले महामार्गाचे टायरही आपले काम व्यवस्थित करतील. मागच्या चाकांसाठी खोल नक्षीचे टायर घेण्याची गरज नाही. ते जास्त तापतात आणि डिझेलही जास्त खातात. मिशेलिनच हवे असतील, तर फॅमिली मोटर कोच असोसिएशन या नावाने १९६३ मध्ये सुरू झालेल्या संघटनेच्या सभासदांना मिळणाऱ्या सवलतीची चौकशी करावी. सभासदत्वाची वर्गणी एका खरेदीत सहज वसूल होते.

मापाबाबत एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. २७५/८०आर२२.५ आणि ट्रकांवर सर्रास दिसणारे २९५/७५आर२२.५ ही मापे जवळजवळ सारखी आहेत. आकड्यांवरून हिशेब केला तर पहिल्याचा व्यास १,०११.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा १,०१४ मिलिमीटर येतो, आणि लोड रेंज ‘जी’मध्ये दोघांची भारक्षमताही सारखीच असते. आपल्या गाडीत बहुधा स्टेपनी नसणार, कारण एवढ्या मोठ्या गाड्यांना ती सहसा देत नाहीत. तेव्हा आडरानात टायर फुटला तर कोणते माप चटकन मिळेल याला महत्त्व येते. तरीही बदल करण्याआधी रिमची रुंदी नव्या टायरला मान्य आहे का, जुळ्या टायरांमध्ये पुरेसे अंतर राहते का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कोठे घासत नाही ना, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. जुळ्या जोडीत मात्र दोन मापांची सरमिसळ कधीही करू नये. जोडीतील टायरांच्या व्यासात पाव इंचापेक्षा, म्हणजे घेरात सुमारे पाऊण इंचापेक्षा, अधिक फरक असेल तर मोठा टायर धाकट्याचाही भार वाहतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, तो वजनाचा. आपल्या टायरचा भारांक १४४/१४१ असणार; म्हणजे एकटा असताना तो ६,१७५ पाउंड आणि जोडीत ५,६७५ पाउंड उचलू शकतो. मागे चार टायरांची क्षमता २२,७०० पाउंड आणि भार १८,६००, तेव्हा तेथे चिंता नाही. पुढे दोन टायरांची क्षमता १२,३५० आणि भार ११,९००. कागदावर हेही बसते. पण हा भार दोन्ही चाकांवर समान विभागलेला आहे असे समजून. मोटरहोममध्ये तसे क्वचितच असते. जनरेटर, पाण्याची टाकी, बाहेर सरकणारी खोली, फ्रिज आणि तांदूळ-डाळींच्या पिशव्यांनी भरलेले आपले कपाट एकाच बाजूला आले, की पुढच्या डाव्या चाकावर ६,२०० आणि उजव्यावर ५,७०० पाउंड असे सहज होऊ शकते, आणि मग एक टायर रोज मर्यादेबाहेर चालत राहतो. ट्रक स्टॉपचा काटा एक्सलचे वजन देतो, चाकाचे देत नाही. त्यासाठी प्रत्येक कोपरा वेगळा तोलून घ्यावा लागतो. मोटरहोमवाल्यांच्या एस्केपीज क्लबची स्मार्टवे ही वजनाची सेवा आपल्याच राज्यात काँग्रेस या गावी आहे, तेथे आधी वेळ ठरवून जावे. पाणी, डिझेल, सामान आणि माणसे यांसह गाडी प्रवासाला निघते तशीच न्यावी. ९० गॅलन पाण्याचेच साडेसातशे पाउंड होतात.

आपल्या पुढच्या एक्सलवर जेमतेम पावणेचार टक्के क्षमता शिल्लक आहे, म्हणून मी लोड रेंज ‘एच’ सुचवीन. त्याचा भारांक १४९/१४६, म्हणजे एकट्याला ७,१६० पाउंड. मात्र टायर मजबूत झाला म्हणून एक्सलची क्षमता वाढत नाही. चालकाच्या आसनाजवळच्या पाटीवर एक्सलची जी मर्यादा दिली आहे, तीच अखेरची.

प्रश्न : आमच्या पेट्रोलवरच्या मोटरहोमला २४५/७०आर१९.५ मापाचे, लोड रेंज ‘जी’चे टायर होते. दुकानदाराने ‘एच’ बसवून बाजूवर लिहिलेला कमाल दाब भरून दिला. आता गाडी इतकी हादरते की कपाटातील भांडी खाली येतात. टायर परत करावेत का? (टोरंटो)

उत्तर : टायर ठेवावेत, हवा बदलावी. बाजूवर छापलेला दाब हा त्या टायरचा कमाल भार पेलण्यासाठी लागणारा दाब असतो. आपली गाडी तेवढा भार टाकतेच असे नाही. ‘जी’ टायर एकटा असताना ४,५४० पाउंड आणि ‘एच’ साधारण ४,९४० पाउंड उचलतो. आपल्या चाकावर प्रत्यक्षात ४,००० पाउंड असतील, तर पूर्ण दाबामुळे टायर दगडासारखा कडक होणार आणि जमिनीवर त्याचा टेकणारा भागही कमी होणार. चारही कोपरे तोलून घ्यावेत, एका एक्सलवरील जास्त वजनाची बाजू धरावी, टायर कंपनीच्या दाबाच्या तक्त्यात त्या वजनासमोरचा आकडा पाहावा आणि त्यावर पाच पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) वाढवून एक्सलच्या सर्व टायरांत तोच दाब ठेवावा. तोलून होईपर्यंत गाडीच्या पाटीवर लिहिलेला दाब ठेवावा. रिमवर त्याची स्वतःची दाबाची मर्यादा असते, तीही पाहावी. ‘एच’ टायरचा कमाल दाब काही जुन्या रिमांना मान्य नसतो.

दाब सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावा. हवेचे तापमान दहा अंश फॅरेनहाइटने बदलले की दाब साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. ओंटारिओतून हिवाळ्यात फ्लोरिडाला निघालेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी आकडे वेगळे दिसतील, आणि तेव्हाही थंड टायरच तपासायचा. रस्त्यात तापून वाढलेला दाब कमी करण्यासाठी हवा कधीही सोडू नये.

प्रश्न : नवे सहा टायर मागवले आहेत. बसवून घेताना कशाकडे लक्ष द्यावे? आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार आहे, तेव्हा काय करावे?

उत्तर : गाडी दुकानात नेण्याआधी फोन करून टायरांच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारावेत आणि वर्षाहून जुना माल नाकारावा, गोदामात पडलेल्या टायरचेही वय मोजलेच जाते. डॉट क्रमांक टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असू शकतो, म्हणून आतल्या जुळ्या टायरचा क्रमांक बसवण्यापूर्वीच लिहून घ्यावा. काम ट्रकच्या टायरांच्या दुकानातच करून घ्यावे. गाडी उचलताना जॅक एक्सलखाली लावला जातो ना, हे उभे राहून पाहावे. गाडी समतल करण्याच्या पायांवर ती उचलू देऊ नये. रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे घ्यावेत, पुढची दोन्ही चाके बॅलन्स करून घ्यावीत. साडेबावीस इंची चाकांच्या नटांना साधारणपणे ४५० ते ५०० फूट-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. तो हवेच्या बंदुकीने नव्हे, टॉर्क पान्याने द्यावा आणि पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा तपासावा.

हिवाळ्यासाठी हवा कमी करू नये. प्रवासात ठेवता तेवढीच ठेवावी. टायर लाकडी फळीवर उभे करायचे असतील तर फळी पुरेशी रुंद हवी, म्हणजे जुळ्या टायरांची संपूर्ण रुंदी तिच्यावर टेकेल. अर्धा टायर फळीबाहेर लोंबकळत राहिला तर आतील तारांना इजा होते. पांढरी आच्छादने घालावीत. टायर काळेभोर चमकवणारी, खनिज तेलाची पॉलिशे लावू नयेत. रबरातील संरक्षक द्रव्ये त्यांनी निघून जातात, साबणाचे पाणी पुरे. मार्चमध्ये गाडी बाहेर काढण्यापूर्वी सहाही टायरांचा दाब मोजावा. आतल्या जुळ्यांच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून ते टाळले जातात, तेव्हा टायर बसवतानाच त्यांना मजबूत धातूची लांब नळी लावून घ्यावी.