चित्रं काढायला पहिला टॅब्लेट घेताना
स्क्रीनवाल्या टॅब्लेटच्या नादी आत्ताच लागू नकोस. वाकॉम, ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा साधा, 6 बाय 4 इंचांच्या आसपासचा, बिनबॅटरीच्या पेनचा, संगणकाला जोडायचा टॅब्लेट पुरे. 8192 प्रेशर लेव्हलच्या (पेनचा दाब ओळखायच्या पायऱ्या) जाहिरातीला भुलू नकोस, नवख्या हाताला तो फरक कळतही नाही. हात खाली टॅब्लेटवर, नजर वर संगणकाच्या पडद्यावर, हे जुळायला मात्र वेळ लागतो. मी काढलेल्या मांडवी नदीतल्या पहिल्या होड्या सगळ्या बुडायला आल्यासारख्या तिरक्या!

चित्रं काढायचं सॉफ्टवेअर क्रिता घे. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. ब्रशचं स्टॅबिलायझर चालू केलंस की पणजीतल्या जुन्या फोंतेन्हास वाड्यातल्या बाल्कनीची जाळी काढताना रेघ थरथरत नाही. पेनच्या जादा निब (टोकं) घेऊन ठेव, झिजतात. आणि पावसात टॅब्लेट उघडा टाकू नकोस. आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.