‘विमानवाहू’मधला ‘वाहू’

प्रश्न असा आहे: मालवाहू ट्रक माल एका गावचा दुसऱ्या गावी नेऊन टाकतो. विमानवाहू नौका विमानं कुठे पोचवत नाही; ती तिच्यावरून उडतात आणि परत तिच्यावरच उतरतात. मग ‘वाहू’ कशाला? आणि हिंदीसारखं ‘विमानवाहक’ का नको?

दुसरा भाग आधी. चालणेवरून चालू, लागणेवरून लागू, तसं वाहणेवरून वाहू. सुटा तो कुणी वापरत नाही, पण मालवाहू, तेलवाहू यांत छान मुरलाय. ‘वाहक’ व्याकरणाला चालतो. फक्त एसटीनं तो कंडक्टरला देऊन टाकलाय. ‘विमानवाहक’ वाचलं की मला खाकी कपडे आणि खांद्याला चामडी पिशवीच दिसते. रुग्णवाहिकेच्या चालीवर ‘विमानवाहिका’ गोड वाटलं असतं, पण आता विक्रांतच्या मागेपुढे ‘विमानवाहू’च रुळलंय.

आता ‘वाहू’च्या अर्थाकडे. बैल ओझं वाहतो म्हणताना आपण बैलाच्या पाठीबद्दल बोलतो. ओझ्याचं पुढे काय होतं याबद्दल नाही. पोचवणं वेगळं, वाहणं वेगळं. अमेरिकेच्या पहिल्या विमानवाहू नौकेचा, लँग्लीचा, जन्मभराचा हिशेब पाहिला तर हे नीट कळतं.

१९१३ साली ती आरमारात आली तेव्हा तिचं नाव ज्युपिटर होतं आणि काम होतं इतर जहाजांना कोळसा पुरवण्याचं. म्हणजे चोख मालवाहू. १९२० ते २२ मध्ये नॉरफोकच्या गोदीत तिच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट धावपट्टी चढवली आणि कोळशाच्या कोठारांत विमानं ठेवायची सोय केली. १७ ऑक्टोबर १९२२ रोजी व्हर्जिल ग्रिफिननं तिच्यावरून पहिलं उड्डाण केलं. २६ तारखेला गॉडफ्रे शेव्हलिएनं चालत्या नौकेवर विमान उतरवलं. मागच्या अंगाला निरोप्या कबुतरांचा खुराडाही होता. थोडीथोडी सोडली की कबुतरं परत यायची. एकदा सगळी एकदम सोडली, तर ती गेली सरळ नॉरफोकच्या गोदीत! (उडून परत येणं हीच विमानवाहूची खूण धरली, तर कबुतरांनी तिला नापास केलं.)

नंतर मोठ्या नौका आल्या. १९३६-३७ मध्ये लँग्लीच्या धावपट्टीचा पुढचा भाग कापून तिला पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची देखभाल करणारी नौका केलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ती ऑस्ट्रेलियाहून ३२ पी-४० लढाऊ विमानं घेऊन जावा बेटाकडे निघाली. अर्ध्या धावपट्टीवरून ती विमानं उडणं शक्यच नव्हतं. जावाच्या चिलाचाप बंदरात ती उतरवून घ्यायची होती. २७ तारखेला, बंदर जवळ आलेलं असताना, जपानी बाँबफेकीत लँग्ली निकामी झाली आणि सोबतच्या विनाशिकांनीच तिला बुडवलं.

सुरुवातीच्या प्रश्नातल्या मालवाहूच्या व्याख्येप्रमाणे तिनं विमानं ‘वाहिली’ ती या खेपेला. पण तोवर आरमाराच्या दप्तरी ती विमानवाहू राहिलीच नव्हती.