नातवाचे इन्सुलिन नर्स ठरवते, हे योग्य आहे का?

प्रश्न : माझा 13 वर्षांचा नातू अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याला टाइप 1 मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी त्याला तपासणीला नेतात. पण बहुतेक वेळा डॉक्टर नसतातच, नर्सच त्याला पाहते आणि इन्सुलिनही तीच वाढवते. वर्षभरात मात्रा जवळजवळ दीडपट झाली आहे. शिवाय त्याच्याशी बोलताना ती माझ्या सुनेला काही वेळ बाहेर बसवते. हे योग्य आहे का? सुट्टीत तो आमच्याकडे येणार आहे, तेव्हा काय काळजी घ्यावी? (एक आजी, सांगली)

उत्तर : आपण ज्यांना नर्स म्हणता, त्या बहुधा नर्स प्रॅक्टिशनर असाव्यात. आपल्याकडे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नर्स मात्रेला हात लावत नाही, त्यामुळे आपल्याला शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत मात्र हा स्वतंत्र दर्जा आहे. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने त्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि तो मुलांच्या आरोग्यासाठीच होता. आज या पदासाठी नर्सिंगची पदव्युत्तर पदवी, प्रमाणपत्र परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. औषध लिहून देण्याचा अधिकारही असतो, फक्त त्यात डॉक्टरांचा सहभाग किती असावा हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो.

मात्रा वाढली म्हणजे आजार बळावला, असे समजू नये. वयात येताना शरीरातील वाढीची संप्रेरके इन्सुलिनच्या कामाला विरोध करतात, म्हणून या वयात दर किलो वजनामागे दिवसाला एक युनिटपेक्षा जास्त इन्सुलिन लागणेही नेहमीचेच आहे. तरीही केवळ आकडे पाहून मात्रा वाढवणे पुरेसे नसते. जाणकार नर्स आधी मुलाचे पोट आणि मांड्या बोटांनी दाबून पाहते, कारण मुले जिथे दुखत नाही तिथेच रोज सुई टोचतात, तिथे चरबीची मऊ गाठ धरते आणि त्या गाठीत दिलेले इन्सुलिन रक्तात कधी उशिरा, कधी एकदम उतरते. अशा वेळी आधी जागा बदलावी लागते, आणि नव्या जागी इन्सुलिन नीट लागू पडत असल्याने साखर फार उतरू नये म्हणून मात्रा अनेकदा कमीच करावी लागते.

सूनबाईंना बाहेर बसवण्याबद्दल म्हणाल, तर माझ्या मते त्या भेटीतला सर्वांत मोलाचा वेळ तोच. शाळेत मित्रांसमोर टोचून घेण्याची लाज वाटते म्हणून दुपारचा डोस चुकवला, वजन उतरावे म्हणून मुद्दाम कमी घेतला, अशा गोष्टी या वयातली मुले आईसमोर कबूल करत नाहीत; आणि डोस चुकत राहिले तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून जिवावर बेतू शकते. आपणही फोनवर पहिला प्रश्न ‘आज साखर किती आली?’ असा विचारत असाल, तर तो निदान शेवटी विचारावा.

आता सांगलीच्या मुक्कामाविषयी. प्रवासाच्या दिवशीच्या डोसच्या वेळा त्याच नर्सकडून लिहून घ्याव्यात. विमानात इन्सुलिन हातातल्या सामानातच असावे, सामानकक्षात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. पुरणपोळी त्याला वर्ज्य नाही, मात्र त्यातली कर्बोदके मोजून डोस घ्यावा लागतो. म्हणून पीठ, पुरण आणि गूळ वजन करून एका पोळीचा हिशेब सूनबाईंना आधीच कळवावा. साखर 70 च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने काहीही देऊ नये, त्याने सोबत आणलेले ग्लुकागॉन (साखर चढवणारे औषध) द्यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. उलट्या-जुलाब झाले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.

एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. आपल्या औषध दुकानांत 40 युनिटच्या (म्हणजे दर मिलिलिटरमध्ये 40 युनिट इन्सुलिन असलेल्या) बाटल्या आणि त्यांच्या लाल टोपणाच्या सिरिंज सर्रास मिळतात, तर अमेरिकेतली बाटली सहसा दर मिलिलिटरला 100 युनिटची असते. तिथले इन्सुलिन इथल्या लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट डोस जातो. म्हणून सिरिंज किंवा पेनच्या सुया त्याने तिथूनच पुरेशा आणाव्यात, आणि इथे घ्यावी लागलीच तर नारिंगी टोपणाची, 100 युनिटचीच सिरिंज मागावी.